अर्ध्या मताने हुकलेली विधान परिषद: सरपंच ते केंद्रीय मंत्री या वाटचालीचा प्रकरण अभ्यास

या अभ्यासातल्या नेत्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला ते ओळखायला फार वेळ लागणार नाही. पण नाव आलं की वाचक आधी बाजू ठरवतो आणि मग वाचायला घेतो. सरपंच, पंचायत समितीचे उपसभापती, आमदार, मंत्री, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री ही पदांची यादी कागदावर सरळ जिन्यासारखी दिसते. प्रत्यक्षात दर पायरीवर मतदार बदलतो. गावात भावकी आणि शेजारी मत देतात, विधानसभेला अख्खा तालुका, विधान परिषदेला फक्त आमदार. मुख्यमंत्री कोण होणार हे तर दिल्लीत ठरतं. एका मतदाराला ओळखणारा नेता पुढच्या मतदाराकडे गेल्यावर चाचपडतो. हे या प्रकरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं ते १९९५ ते १९९९ या चार वर्षांत, म्हणून भर त्यावरच आहे.

पार्श्वभूमी

१९७४ मध्ये हे नेते लातूरजवळच्या आपल्या गावचे सरपंच झाले. पुण्यात कायद्याचं शिक्षण झालेलं, घरचं वतन आणि शेती. त्या काळी सरपंच थेट लोकांतून निवडला जात नसे, ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. (थेट निवडीचा नियम २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. सरकार बदललं की हा नियमही बदलतो, हे एव्हाना गावोगाव माहीत झालंय.) म्हणजे पहिल्याच पायरीवर काम होतं ते मोजक्या सदस्यांना शेवटपर्यंत एकत्र ठेवण्याचं. हे कौशल्य पुढे विधानभवनात जसंच्या तसं लागतं.

त्यानंतर जिल्हा परिषद सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती. जिल्हा परिषद तेव्हा उस्मानाबादची, कारण लातूर जिल्हा झालाच मुळी १६ ऑगस्ट १९८२ ला. उपसभापतिपदाला अधिकार फारसे नसतात. पण फाइल कुठून कुठे जाते आणि कुठे अडते, हे या खुर्चीवर बसून जितकं कळतं तितकं मंत्रालयात कळत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव येतो, गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो, शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद आणि शेवटी बिल. ठराव परत येण्याची कारणं ठरलेली असतात: सूचक-अनुमोदकांची नावं नाहीत, किंवा जागेचा सातबारा खासगी मालकाच्या नावावर निघतो आणि बक्षीसपत्र जोडलेलं नसतं. १९७२ च्या दुष्काळानंतरचा तो काळ, मराठवाड्यात पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्यांच्या कामांवर गावंच्या गावं राबत होती. ज्याला मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, वाचता येतं त्याला मजुरी का थकली हे सांगता येतं, आणि ज्याला ते सांगता येतं त्याच्याकडे माणसं येतात.

१९८० मध्ये विधानसभेचं दार उघडलं ते जागा रिकामी झाली म्हणून. लातूरचे तोवरचे आमदार जानेवारी १९८० मध्ये लोकसभेवर निवडून गेले. फेब्रुवारीत राज्यातलं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं आणि विधानसभेची निवडणूक लागली. पस्तिशीतला, तालुक्यात फिरलेला, जिल्हा युवक काँग्रेसची जबाबदारी सांभाळलेला उमेदवार पक्षाला तयार मिळाला. पुढे १९८५ आणि १९९० लाही विजय. १९८२ मध्ये राज्यमंत्रिपद, नंतर कॅबिनेट. सहकार, महसूल, शिक्षण अशी खाती बदलत गेली.

याच काळात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तो बाजूचा धंदा समजू नये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात. जो कारखाना ही मुदत पाळतो त्याच्या अध्यक्षाचं नाव सभासदाच्या घरात हंगामागून हंगाम निघत राहतं. सत्ता नसली तरी हे नातं तुटत नाही. पुढच्या घडामोडींत याचा उपयोग झाला.

अडचण

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ मिळाल्या. बंडखोर आणि अपक्ष मिळून ४५ जण निवडून आले. लातुरात हे मंत्री जवळपास ३५ हजार मतांनी पडले.

एवढ्या मोठ्या फरकाला 'लाट होती' एवढंच उत्तर पुरत नाही. जवळपास तेरा वर्षं मंत्री राहिलेल्याचा मतदारसंघ हळूहळू कार्यकर्त्यांच्या हाती जातो. लोकांची गाठ नेत्याशी पडत नाही, नेत्याच्या माणसाशी पडते. तो माणूस कोणाची चिठ्ठी पुढे नेतो आणि कोणाची खिशात ठेवतो, याचा हिशेब मतपेटीत निघतो.

पराभवानंतर लगेच तीन गोष्टी जातात: सभागृह, अधिकाऱ्यांवरचा शब्द आणि पक्षाच्या बैठकीतली पुढची खुर्ची. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना दिसतात, पण खरी मारते ती तिसरी. सभागृहात नसलेला नेता विधिमंडळ पक्षाच्या बैठकीला जाऊ शकत नाही, आणि नेतृत्वाची चर्चा तिथे सुरू होते.

समोरचे पर्याय

त्या वेळी उघडे असलेले मार्ग असे होते.

पाच वर्षं घरी बसून मतदारसंघ पुन्हा बांधायचा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा मार्ग. कारखाना, सोसायट्या, बँक हाती असल्यानं तो शक्य होता. धोका एवढाच की पाच वर्षांत पक्षात दुसरा चेहरा उभा राहतो.

१९९६ ची लोकसभा. पण लातूरची जागा ज्यांच्याकडे होती ते १९८० पासून सलग निवडून येत होते आणि दिल्लीत वजनदार होते. ती मागणं म्हणजे जिल्ह्यातच दुसरी आघाडी उघडणं.

पक्षाकडून विधान परिषद. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य असतात: ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. पडलेल्या मंत्र्यासाठी आमदारांच्या मतांवरची जागा सोयीची असते. पण पक्षाचे आमदार ८० असतील तर निवडून येऊ शकणाऱ्या जागा मोजक्या आणि इच्छुक डझनांनी. उमेदवारी मिळाली नाही.

उरला चौथा मार्ग: अपक्ष उभं राहायचं आणि समोरच्या बाकावरची मतं घ्यायची.

काय केलं

१९९६ मध्ये त्यांनी चौथा मार्ग धरला. शिवसेनेचा पाठिंबा मिळाला. निकाल लागला तेव्हा अर्ध्या मतानं हरले. 'अर्धं मत' हे ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, म्हणून मोजणी कशी होते ते इथे नीट पाहू. जवळपास सगळा धडा त्या आकडेमोडीत आहे.

आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ अशी पसंती लिहितात. एकापेक्षा जास्त जागा असतील तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य, काढताना वैध मतांना १०० नं गुणायचं, जागांच्या संख्येत एक मिळवून त्यानं भागायचं, बाकी सोडून द्यायची आणि उत्तरात एक मिळवायचा. उदाहरणादाखल समजा २८८ वैध मतं आणि ९ जागा आहेत. २८,८०० भागिले १० म्हणजे २,८८०, अधिक १. कोटा २,८८१. म्हणजे पहिल्या पसंतीची २९ मतं मिळाली की उमेदवार निवडून आला.

आता त्याच्या जास्तीच्या मतांचं बघू. २९ मतांचं मूल्य २,९००, जास्तीचे उरले १९. हे १९ त्या २९ पत्रिकांवर वाटायचे. भागाकार एकापेक्षा कमी येतो, अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, म्हणून दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मिळतं शून्य. १९ च्या १९ गेले. हाच उमेदवार ३३ मतं घेऊन निवडून आला तर जास्तीचे ४१९. भागिले ३३, प्रत्येकी १२. सगळ्या पत्रिकांवर दुसरी पसंती असेल तर ३९६ पुढे सरकतात आणि २३ हवेत विरतात. दुसरी पसंतीच लिहिलेली नसेल तर ती पत्रिका पुढे काहीच देत नाही.

शेवटच्या जागेवर दोघे उरले की कोटा पूर्ण न होताही जास्त मूल्याचा उमेदवार निवडून येतो. अर्धं मत म्हणजे अशा मोजणीतलं ५० मूल्य. वर पाहिलं तसं, भागाकारात सांडलेले १९ आणि २३ मिळून जवळजवळ तेवढे होतात. एका आमदारानं दुसऱ्या पसंतीचा आकडा न लिहिणं, किंवा पाठिंबा देणाऱ्या पक्षानं सुरक्षित उमेदवाराला गरजेपेक्षा दोन मतं जास्त बांधणं, एवढ्यानंही जागा जाऊ शकते.

शिवाय मतदान गुप्त. राज्यसभेच्या मतदानात २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेला हे लागू नाही. पक्षांतरबंदी कायद्यातला व्हिपही या मतदानाला चालत नाही. त्यामुळे दुसऱ्या पक्षाच्या पाठिंब्यावर उभा राहिलेला उमेदवार शब्दावर उभा असतो, आणि शब्द कोणी मोडला हे त्याला कधीच कळत नाही.

या पराभवानंतर पहिला मार्गच उरला, म्हणजे घर. कारखान्याचा हंगाम, लग्नंकार्यं, तालुक्यातल्या बैठका. पक्षाशी पुन्हा जुळवून घेतलं गेलं. जून १९९९ मध्ये काँग्रेस फुटली आणि राष्ट्रवादी काँग्रेस झाली. मराठवाड्यातले, मराठा समाजातले, मंत्रिपदाचा मोठा अनुभव असलेले हे नेते मूळ पक्षातच राहिले. पक्षाला असा माणूस त्या क्षणी हवा होता.

परिणाम

१९९९ ला लातुरातून ९० हजारांहून अधिक मताधिक्यानं विजय. निकालात काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, शिवसेना ६९, भाजप ५६. दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या, जास्त जागा म्हणून मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे. अशा वेळी विधिमंडळ पक्ष दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांसमोर एक ओळीचा ठराव करतो: नेता निवडण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांना. १८ ऑक्टोबर १९९९ ला शपथ झाली.

पहिली कारकीर्द जानेवारी २००३ मध्ये संपली. जून २००२ मध्ये आघाडीतले काही आमदार फुटले, सरकारनं विश्वासदर्शक ठराव जिंकला, पण पक्षांतर्गत कुरबुरी थांबल्या नाहीत आणि दिल्लीनं चेहरा बदलला. त्यांनी बंड केलं नाही. २००४ ला राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसनं ठेवलं, बदल्यात राष्ट्रवादीला जास्त मंत्रिपदं गेली, आणि मुख्यमंत्री म्हणून पुन्हा तेच आले. २००३ चा मुकाट राजीनामा इथे वसूल झाला, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या वेळी हत्यारं मात्र कमी होती. ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. २८८ च्या विधानसभेत म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. नाराजाला राज्यमंत्री करून गप्प बसवण्याची जुनी सोय संपली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर डिसेंबरात पद गेलं. योगायोग असा की १९८० मध्ये ज्यांनी लातूरची विधानसभा सोडून लोकसभा गाठली होती, ते त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते आणि त्यांनीही याच कारणानं ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला होता.

२८ मे २००९ ला केंद्रात अवजड उद्योग मंत्रिपदाची शपथ, त्याच वर्षी राज्यसभा. जानेवारी २०११ मध्ये ग्रामविकास, जुलै २०११ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान. ऑगस्ट २०१२ मध्ये, मंत्रिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. सरपंचपदापासून आलेल्या माणसाला ग्रामविकास खातं मिळालं ते सहा महिनेही नाही. ज्या रोजगार हमी योजनेची मस्टरं पंचायत समितीत पाहिली त्याच योजनेचा देशव्यापी अवतार या खात्याखाली होता. केंद्रात खातं बदलताना अशा अनुभवाचा विचार होत नाही, आघाडीचा आणि पक्षाचा हिशेब होतो.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

१९९६. या पराभवाला नंतर 'बरं झालं हरले' असा अर्थ दिला जातो. त्यात तथ्य आहे, आणि ते कायद्यात आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्याही पक्षात गेला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपात्र ठरतो. जिंकले असते तर सहा वर्षांची जागा हाती असती, पण काँग्रेसमध्ये परतायला ती सोडावी लागली असती, आणि कपाळावर शिवसेनेचा टिळा राहिला असता. मग १९९९ ला एक ओळीच्या ठरावातून त्यांचं नाव येणं अवघड झालं असतं. तरी याला डावपेच म्हणू नये. हा नशिबाचा भाग होता. अपक्ष अर्ज भरतानाच 'निवडून आलो तर पुढच्या सहा वर्षांत कुठे बसणार' हा प्रश्न सोडवायला हवा होता.

लढायचंच तर तयारी कशी असावी लागते, तेही सांगण्यासारखं आहे. पाठिंबा देणाऱ्या पक्षाकडून आकडा न घेता नावांची यादी घ्यायची: कोणते आमदार पहिली पसंती देणार, कोणते दुसरी. सुरक्षित उमेदवाराला किती मतं बांधली जाणार हे आदल्या रात्री कागदावर पक्कं करायचं आणि वर दाखवला तसा भागाकार दोन-तीन शक्यतांनी करून बघायचा. कोट्याच्या वर किमान दोन मतांची जागा ठेवायची. आणि आमदारांनाही मतदान शिकवावं लागतं, यात कमीपणा नाही: पसंती आकड्यातच लिहायची, बरोबरची खूण केली की मत बाद, १ चा आकडा दोन नावांसमोर पडला की बाद, सही किंवा ओळख पटेल अशी खूण असली तरी बाद. चार-पाच वेळा निवडून आलेले आमदारही इथे चुकतात.

फोन. तालुक्याच्या राजकारणात पोलिस ठाण्याला फोन लावणं हे रोजचं काम असतं आणि लोकांना त्यात वावगं वाटत नाही. मुख्यमंत्र्याच्या कार्यालयातून गेलेला तसाच फोन वेगळा ठरतो. २००६ मध्ये विदर्भातल्या एका सावकारीच्या तक्रारीबाबत, पक्षाच्याच आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या, असा फोन गेला आणि ठाण्याच्या स्टेशन डायरीत त्याची नोंद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयानं कठोर ताशेरे ओढून राज्य सरकारला १० लाख रुपये भरायला लावले. उच्च न्यायालयानं ही रक्कम २५ हजार ठेवली होती. अशी शिफारस आलीच तर ती लेखी घेऊन गृह विभागाकडे 'नियमानुसार कार्यवाही' शेऱ्यासह पाठवायची असते. हे स्वीय सहायकाला पहिल्या दिवशी बजावणं हे मुख्यमंत्र्याचं काम.

नोव्हेंबर २००८. हल्ल्यानंतर ताज हॉटेलच्या पाहणीत त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते. सुरक्षेच्या त्रुटींवरून दबाव होताच, पण लोकांच्या मनात बसलं ते हे चित्र. दुर्घटनास्थळी जाताना गाडीत कोण बसणार याची यादी आधी ठरवावी लागते, आणि त्या यादीबाहेरच्या माणसाला, घरच्यालासुद्धा, 'नको' म्हणणारा एक अधिकारी मुख्यमंत्र्याजवळ लागतो. सत्तेच्या दुसऱ्या खेपेला असा माणूस उरत नाही, कारण तोवर सगळेच ओळखीचे झालेले असतात.

२००९ आणि दिल्लीचं दार. मतदारसंघ पुनर्रचनेत लातूरची लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि विधानसभेचे शहर आणि ग्रामीण असे दोन भाग झाले. शहरातून त्या वर्षी मोठा मुलगा निवडून आला. स्वतःसाठी घरचा लोकसभा मतदारसंघ उरला नव्हता, म्हणून राज्यसभाच. आधी शपथ आणि मग सदस्यत्व हे घटनेला चालतं, फक्त सहा महिन्यांत कोणत्यातरी सभागृहात यावं लागतं. आमदार असताना संसदेवर निवड झाली तर राजपत्रात नाव आल्यापासून १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा द्यायचा, नाहीतर संसदेची जागा जाते. राज्यसभेची एकच जागा भरायची असेल तर मोजणीही सोपी: मतपत्रिकेचं मूल्य एक आणि निम्म्यापेक्षा एक जास्त मत पुरे. बहुमतवाल्या आघाडीला अशी जागा हातची असते.

मात्र लोकांमधून न आलेल्या मंत्र्याचं दिल्लीतलं वजन पक्षश्रेष्ठींच्या मर्जीएवढंच असतं. तीन वर्षांत तीन खाती बदलली, त्याचं एक कारण हेही धरायला हवं. पुनर्रचनेचा आदेश २००८ मध्येच लागू झाला होता. शेजारच्या एखाद्या खुल्या लोकसभा मतदारसंघात तेव्हापासून काम सुरू केलं असतं तर २००९ ला नाही तरी पुढच्या वेळी स्वतःच्या मतांवर दिल्ली गाठता आली असती. मुख्यमंत्रिपदावर असलेल्या माणसाला ही तयारी करायला सवड नसते आणि ती कोणाला दिसून चालत नाही, कारण दिसली की राज्यात 'साहेब निघाले' अशी हवा होते आणि दुसऱ्या दिवसापासून सचिव फाइली उशिरा आणू लागतात.